रेडिएटरातली हळद

भर रस्त्यात उभं राहून परक्या बाईमाणसाला हसायचं, ही कुठली रीत? पण केडगावच्या नाक्यावर एलियानं नेमकं तेच केलं, आणि बनुबाईनं ते मनात धरलं. तिच्या मनातून एकदा उतरलेलं माणूस परत वर चढायचं म्हणजे आडात सुटलेला पोहरा आपल्या आपण वर येण्यासारखं होतं.

हसण्यासारखं होतं, हे खरं. दोन बैलजोड्या पुढं, आणि मागं साखळीनं बांधलेला लोखंडी ट्रॅक्टर खडखडत, ठेचकाळत, सासरी निघालेल्या पोरीसारखा पाय ओढत येत होता. लढाई संपली होती, गोरे साहेब सामानसुमान विकून मायदेशी निघाले होते. त्यातल्याच एकाच्या बागेतला हा ट्रॅक्टर. अंगानं लहानखुरा, रंग उडालेला, मागची चाकं दातेरी लोखंडाची. कैक वर्षं गोठ्यात उभा राहून त्याच्या पोटात उंदरांनी घरं केली होती. आणि पुढच्या छकड्यात बनुबाई ताठ बसलेली, जणू लिलावातून हत्ती सोडवून आणलाय.

एलिया सायकल धरून थांबला, बघत राहिला, आणि हसता हसता सायकलीच्या दांडीवर वाकला.

“मालकीणबाई,” तो म्हणाला, “ह्यानं बैलांना आराम द्यायचा, का बैलांनी ह्याला?”

गडी छगन बैलांच्या कासऱ्याकडं बघत गालात हसला. बनुबाईनं छकडं थांबवायला लावलं.

“दात दिसले,” ती म्हणाली. “आता अक्कल असंल तर ती बी दाखव. न्हाईतर वाट सोड.”

त्यानं वाट सोडली नाही. सायकल आडवी टाकली, ट्रॅक्टरचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि उंदराचं अख्खं घरटं काढून तिच्यापुढं धरलं. मग हँडल अर्धंमुर्धं फिरवून कान लावला, वैद्यानं नाडी बघावी तसा. भिंगारला लष्कराच्या मोटारखान्यात त्यानं लढाईभर गाड्या दुरुस्त केल्या होत्या आणि लढाई संपल्यावर लष्करानं त्याला घरी बसवलं होतं, हे त्यानं कुणी न विचारता सांगून टाकलं. ट्रॅक्टर मेलेला नाही, नुसता रुसलाय, असंही म्हणाला. बनुबाई म्हणाली, रुसलेल्यांची समजूत काढायला मला सवड नाही.

“मला हाय की,” एलिया म्हणाला.

श्रीगोंद्याच्या अलीकडं, नदीकाठाला बनुबाईचं रान होतं. नवरा आसाराम विषमज्वरानं गेला तेव्हा ती विशीचीही नव्हती, आणि पोटी मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले, त्यांना जेवू घालून तिनं परत पाठवलं. सासूसासरे एकामागं एक गेले. धाकटा दीर कारभारी हा नुसता नावाचा कारभारी; घराचा कारभार चालायचा तो बनुबाईच्या जिभेवर. आसारामच्या वाटणीचं रान तिच्या हाती होतं, पण त्याला एक अट होती, आणि ती अट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. विधवा म्हणून राहील तोवर रान तिचं. तिनं पाट लावला, दुसऱ्याचं घर केलं, की रान दिराचं.

त्या रानात हराळी माजली होती. वरून दिसायला मऊ हिरवं गवत, पण मुळं अशी खोल की बैलांचा नांगर नुसता खाजवून जायचा. दरसाल ती रानाचा एकेक कोपरा गिळत होती. कारभारी येताजाता म्हणायचा की बाईच्या हातचं रान असंच जायचं. ते ऐकून ऐकूनच ती उठून नगरला लिलावाला गेली होती.

एलिया आला तो पत्र्याची पेटी आणि लष्करी टिनाचा मग घेऊन. बांधावरच्या बाभळीखाली त्यानं ट्रॅक्टर असा उसवला की छगनला वाटलं आता हे पोतं भरून भंगारात जाणार. एकेक भाग रॉकेलात धुवायचा, फडक्यावर मांडायचा, आणि त्याच्याशी बोलायचा. कुणाला बाळा, कुणाला लेका. बनुबाईला ते बोलणं ऐकायचं नव्हतं, म्हणून ती जवळच बसून शेंगा फोडायची.

पाणी मागताना तो मग जमिनीवर ठेवायचा आणि मागं सरून उभा राहायचा. वरून ओतून घ्यायची सवय त्याच्या बापजाद्यांपासूनची. ते ख्रिस्ती झाले, देव बदलला, देऊळ बदललं, पण गावानं ही सवय काही सुटू दिली नव्हती. बनुबाईनंही पहिल्यांदा वरूनच ओतलं. पुढंही ओतत राहिली. मग एक दिवस तिनं तो मग उचलला, विसळला, ताकानं भरला आणि त्याच्या हातात दिला. त्याची बोटं मगाला लागली, तिची अजून निघाली नव्हती… कारभाऱ्याची बायको पुष्पावती न्याहारीचं फडकं घेऊन बांधावर उभी होती, तिनं हे पाहिलं. बनुबाईनं तिला भाकरी करपल्याबद्दल सुनावलं. भाकरी करपली नव्हती.

फाल्गुनात एक अवकाळी सर आली. ऊन होतं तोवरच थेंब टपटपायला लागले, तापलेल्या मातीचा वास उठला, आणि ट्रॅक्टरचं पोट तर उघडं. एलिया ओरडत पेटीकडं धावला. बनुबाईनं छकड्यातलं घोंगडं ओढलं, एक टोक त्याच्याकडं फेकलं, आणि दोघं दोन्ही बाजूंनी ते यंत्रावर ताणून उभे राहिले. घोंगड्याखाली ट्रॅक्टर कोरडा ठाक. बाहेर ही दोघं चिंब.

“मिस्त्री, तू भिजलास की,” ती म्हणाली.

“माणसं भिजली तर वाळतात. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो भिजला तर रुसतो.”

“अन् माणसं रुसली तर?”

त्यानं डोळ्यांवरचं पाणी खांद्यानं पुसलं. हात मोकळे नव्हते. “तर… त्यांच्यावर बी कुणीतरी घोंगडं धरावं,” तो म्हणाला, आणि पावसाकडं बघायला लागला. तीही पावसाकडं बघायला लागली. सर थांबली तरी घोंगडं खाली घ्यायचं कुणाला सुचेना.

त्या दिवसापासून तिचा ‘तू’ जाऊन ‘तुमी’ झाला. तिचं तिला कळलं नाही. बाईमाणूस कुणाला कधी ‘तुमी’ म्हणायला लागतं, हे दुसऱ्या बाईलाच नीट कळतं, पुष्पावतीला कळलं.

ट्रॅक्टर चालू झाला तो भर सकाळी, गाव जमलेलं असताना. आधी खोकला, मग काळा धूर, मग असा दणदणाट की देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले. एलियानं बनुबाईला समजावून सांगितलं की याला आधी पेट्रोलवर जागं करायचं असतं, अंग तापलं की रॉकेलवर घ्यायचं, मग तो दिवसभर राबतो.

“माझ्या सासरच्यांची बी हीच रीत,” बनुबाई म्हणाली. “लाडवावर आणलं अन् भाकरीवर राबवलं.”

एलिया इतका हसला की हँडल हातातून पडलं. या वेळी तिनं मनात धरलं नाही. तीही हसली, पदर दातात धरून, आणि आसाराम गेल्यापासून तिला हसताना न पाहिलेल्या गावानं तेही पाहून घेतलं.

हँडल मारायला शिकवताना मात्र तो लांब उभा राहायचा. आपल्याच हातानं हवेत दाखवायचा. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत मुडपायचा नाही, नाहीतर यंत्र उलटा फटका देतं आणि मनगट मोडतं. ती मुद्दाम अंगठा मुडपायची. तो कासावीस व्हायचा, पुढं यायचा, आणि हातभर अंतरावर थांबायचा.

“हात धरून शिकवायला मी काय शाळामास्तर हाय?” तो म्हणाला.

“मास्तर हात न्हाई धरत, कान धरतो.”

“तुमचा कान धरायची छाती पायजे…”

“मग ती कवा येनार?” असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच तिनं छगनला बैलांना पाणी दाखवायला पिटाळलं. बैल नुकतेच पाणी पिऊन आले होते.

चैत्रात नांगरट सुरू झाली. लोखंडी फाळ जमिनीत बुडायचा आणि काळ्या मातीची ढेकळं पालथी व्हायची, ओली, चकाकती, आणि त्यांच्या पोटातून हराळीची पांढरी मुळं वर येऊन उन्हात पडायची. मागून बाया टोपल्या घेऊन ती वेचायच्या. पुढं पुढं बनुबाई स्वतः ट्रॅक्टरवर बसायला लागली. लोखंडी बैठकीवर लुगड्याचा काष्टा आवळून ती बसायची, एलिया बाजूनं चालायचा, आणि दोघं इंजिनाच्या आवाजात काय बोलायची ते त्यांनाच ठाऊक. लोकांना नुसते ओठ हललेले दिसायचे. न ऐकू आलेलं बोलणं ऐकू आलेल्या बोलण्यापेक्षा लांब जातं.

एका दुपारी शेताच्या टोकाला, यंत्र थंड व्हायला उभं केलं असताना, तो म्हणाला की पुण्याच्या बाजूला एका मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात त्याला बोलावणं आलंय. नांगरट झाली की जाईन. मग बराच वेळ फडक्यानं हातच पुसत राहिला.

“तिथं खोली मिळंल,” तो म्हणाला. “लहान असंल. पण… दोन माणसांची.”

बनुबाईच्या छातीत ट्रॅक्टर चालू झाला. तोंडावर मात्र तिनं काही येऊ दिलं नाही. ती रानाकडं बघत राहिली, नांगरलेल्या भागाकडं आणि उरलेल्या हिरव्या पट्ट्याकडं.

“नांगरट उरकू द्या,” ती म्हणाली. “मग सांगते.”

एलियानं ती जिकडं बघत होती तिकडं पाहिलं. मान हलवली. आणि तिथंच त्याची समजूत चुकली. त्याला वाटलं, या बाईचा जीव या मातीत आहे, मी कोण हिला उपटणारा.

तिच्या मनात भलतंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर पोहरा ओढताना तिला कळलं की उत्तर केव्हाच ठरून गेलंय. रान स्वच्छ करायचं, हराळीचं शेवटचं मूळ काढायचं, आणि कारभाऱ्याच्या हवाली करून निघायचं. बाईला झेपलं नाही म्हणून पळाली, असं म्हणायला कुणाला जागा ठेवायची नाही. मन द्यायचं ते द्यायचं, पण मान ताठ ठेवून. एवढ्यासाठीच ती थांबली होती. हे एक वाक्य त्याला सांगून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण अभिमानी माणसाला काम पुरं झाल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

नांगरट संपत आली असताना रेडिएटर गळायला लागला. पाणी ओतावं तेवढं खालून जायचं, आणि यंत्र तापून भडकायचं. एलियानं खाली वाकून पाहिलं, बोट लावलं, आणि सहज मागावं तशी हळद मागितली. चांगली मूठभर.

बनुबाई जागच्या जागी थिजली. विधवेकडं हळद मागायची चेष्टा कुणी करत नसतं. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यावर चेष्टा नव्हती, नुसतं ग्रीस होतं. मग त्यानं सांगितलं की लष्करातले ड्रायव्हर असंच करतात, हळद पाण्याबरोबर फिरते आणि बारीक भोकात जाऊन बसते. तिनं छगनला न धाडता आपण घरी जाऊन मसाल्याच्या डब्यातली हळद आणली, आणि आपल्याच हातानं रेडिएटरात ओतली.

यंत्र चालवलं. गळती थांबली. पण आतलं पाणी उकळलेलं होतं हे हळदीच्या नादात दोघं विसरली. एलियानं पाणी किती उतरलं ते बघायला फडक्यानं झाकण सैल केलं आणि पिवळ्या पाण्याचा फवारा उसळला. आधी त्याच्या छातीवर, गळ्यावर. तो हात झटकत बाजूला झाला, तसा उरलेला बनुबाईच्या अंगावर. कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हात पिवळे, गालावर शिंतोडे, लुगड्यावर ओघळ.

पोळलं थोडंच होतं. मग मुळं वेचणाऱ्या बायांतली म्हातारी रतनबाई, तोंडात दात नाही पण बोलण्यात सगळे शाबूत, टोपली खाली ठेवून म्हणाली, “नवऱ्याची उष्टी हळद नवरीला गेली गं बायांनो.”

बाया खदखदून हसल्या. त्यात खोट नव्हती, थट्टाच होती. एरवी बनुबाईनं म्हातारीला तिच्या तिन्ही पिढ्यांसकट उत्तर दिलं असतं, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. सगळ्या त्या उत्तराची वाट बघत होत्या. पण ती आपल्या पिवळ्या हातांकडं बघत उभी राहिली. डोळे भरून आले, आणि ओठावर… हसू होतं. बनुबाई गप्प राहिली, आणि गाव शहाणं झालं.

पुष्पावतीनं ती हळद घरोघर नेली.

मारुतीच्या पारावर माणसं जमली, एलियालाही बोलावून उभं केलं. कारभाऱ्यानं रडका आवाज काढून सांगितलं की भावजयीच्या सुखाच्या आड तो येणार नाही. तिला घर करायचं असलं तर करू दे, कुणाशी का असेना. पण आसारामचं रान त्याच्या भावाकडं यावं, एवढाच रिवाज. त्याच्या मागं त्याचे मित्र काठ्या टेकून उभे होते. बनुबाई पाराच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन आली. तिचं वाक्य तयार होतं. व्हय, मी जाते, एक पट्टा उरलाय, तो नांगरला की स्वच्छ रान घ्या. बोलायचं आणि मान वर करून निघायचं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं.

पण पारावर आधी गड्याला विचारतात, मग बाईला. रीतच तशी. पंचांतले म्हातारे कानिफनाथ अण्णा एलियाकडं वळले आणि म्हणाले की तुझ्या देवाला स्मरून सांग, या बाईचं आणि तुझं काय हाय.

एलियानं एकदा काठ्यांकडं पाहिलं, एकदा कारभाऱ्याकडं. मग बनुबाईकडं. त्या नजरेत एवढी माया होती की तिला वाटलं, आता हा बोलतो… आता बोलतो.

“काई न्हाई, अण्णा,” तो म्हणाला. “बाई मला बहिणीवानी हाय.”

पारावर वारा पडल्यासारखं झालं. कारभाऱ्याच्या तोंडचं रान निसटलं, पण तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. बहीण म्हणतोस तर ओवाळून घे, म्हणाला, आत्ता, मारुतीसमोर. तुमच्यात चालतं का? एलिया म्हणाला, चालतं. पुष्पावती ताट घेऊन आली, निरांजन पेटवलेलं. घरून निघतानाच तिनं वात वळली असावी.

ताट बनुबाईच्या हातात आलं. खाली ठेवलं असतं तर सगळं उघड झालं असतं. पण मग एलिया देवासमोर खोटं बोलला असं ठरलं असतं, आणि त्या काठ्या नुसत्या टेकायला आणलेल्या नव्हत्या. त्याचे डोळे तिला विनवत होते, ओवाळा. रान वाचतंय, ओवाळा. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही म्हणून टिळा पुष्पावतीनं लावला. ज्योत तेवढी बनुबाईनं फिरवली. ज्योत त्याच्या तोंडावरून फिरत असताना तिला दिसलं की त्याला वाटतंय, आपण हिला केवढं मोठं देणं दिलं. देवासमोर बहीण झालेली बाई पुन्हा त्या माणसाची दुसरी कुणी होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेवटचा पट्टा नांगरायला आला. बनुबाई बांधावर उभी राहिली. यंत्र गेलं, आलं, गेलं, आलं, आणि हिरवं संपलं. सगळं रान काळंभोर झालं. त्यानं ट्रॅक्टर बाभळीखाली लावला, बंद केला. कान बधिर व्हावेत अशी शांतता पडली. हत्यारं पेटीत भरून झाली तरी तो पेटीचं झाकण उघडझाक करत राहिला. मग म्हणाला की रान तुमचा जीव हाय, हे मला दिसत हुतं, माझ्यापायी ते जायला नको हुतं. आणि हळूच विचारलं, “माझं काय चुकलं का?”

बनुबाई त्याच्यापाशी गेली. पारावरचे लोक नव्हते, रतनबाई नव्हती, छगन बैलांकडं गेला होता. ती हळू बोलली, पण एकही शब्द गिळला नाही.

“मिस्त्री, ते रान सोडायचं मी कवाच ठरवलं हुतं, अन् त्येच सांगायला पारावर आल्ते. त्यांनी मला विचारलं न्हाई, ती त्यांची रीत. तुमी बी न्हाई विचारलंत. मला काय पायजे ते माझ्या वतीनं तुमीच ठरवलंत, जसं समदे आजवर ठरवत आले. तुमी वाईट असता तर मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, अन् मोकळी झाले असते. पन तुमी चांगलं वागलात. चांगल्या माणसानं घात केला की फिर्याद न्यायला जागाच नसती. जा आता.”